कल्याणच्या दुकानातला आजोबांचा अश्रू

आमच्या घरात लग्न असो की मुंज, पंगत उठली आणि पानसुपारीचं तबक फिरू लागलं, की कोणीतरी म्हणतंच, "आता ती बकरीची गोष्ट होऊन जाऊ द्या." मग मी आढेवेढे घेतो. फार घेतले तर मंडळी खरंच नाद सोडतील या भीतीने लगेच सुरुवातही करतो. पण हल्ली आमचे धाकटे जावई माझ्याआधीच ती सांगून टाकतात, आणि त्यांच्या सांगण्यात बकऱ्या दोन झाल्या आहेत आणि मी अधिक मूर्ख झालो आहे. बकरी एकच होती. माझ्याबद्दलचा त्यांचा अंदाज फारसा चुकलेला नाही. तरीपण एकदा सगळं लिहून ठेवलेलं बरं.

तेव्हा मी ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. तळ्याच्या अंगाला आमचं लहानसं कौलारू घर. घरात मी, माझं कुटुंब म्हणजे बायको, आमची थोरली मुलगी, आणि या सगळ्यांवर आत्या. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परतली होती. माझे आईवडील गेल्यावर घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला आल्या. मी कचेरीत कोणाला भीत नसे असं नाही. साहेबाला भीत असे. पण साहेब संध्याकाळी बंगल्यावर जाई. आत्या घरीच असे.

आत्याचं सोवळं कडक होतं, आणि त्यात सगळ्यांत कडक नियम छापील कागदाचा. छापखान्याच्या शाईत चरबी घालतात हे त्या काळी सगळ्यांना ठाऊक होतं. कुठल्या प्राण्याची, याबद्दल मात्र प्रत्येक आळीत वेगळा प्राणी होता. आत्याने त्या वादात न पडता सगळेच प्राणी धरले आणि छापलेला कागद उंबऱ्याच्या आत घ्यायचा नाही असं ठरवून टाकलं. पंचांग ओसरीवर खिळ्याला लटके. एकादशी कधी आहे हे पाहायला मी बाहेर जाई, मोठ्याने वाची, हात धुई आणि आत येई. मुंबईचं वर्तमानपत्र मी ओट्यावर बसून वाचत असे, आणि पावसाळ्यात वाचतच नसे. त्यामुळे जगात पावसाळ्याचे चार महिने काही घडत नाही अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मुलगी शाळेत जाऊ लागली तेव्हा पंचाईत झाली. मुलींची शाळा निघाली होती आणि माझ्या कुटुंबाने हट्ट धरून पोरीचं नाव घातलं होतं. आत्या म्हणाली, जाऊ दे, पण पुस्तक ओसरीच्या कोनाड्यात राहील. मग आमची मुलगी अभ्यास कसा करी, तर उंबऱ्यावर बसून, पाय घरात आणि पुस्तक बाहेर. तिन्हीसांजेला दिवा आत आणि पुस्तक बाहेर असलं की मान लांब करून वाची. धाकटे जावई म्हणतात, आमच्या थोरलीची मान अजून उंच आहे ती त्यामुळे. हा भाग त्यांचाच, पण मी तो ठेवला आहे.

आता पोथी. आत्यापाशी तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, एक पोथी होती. सुटी आडवी पानं, वर खाली लाकडी फळ्या, लाल रुमालात बांधलेली. ती आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिली अशी घरातली समजूत. पोर कपाळ पुसून परत आली तेव्हा तिच्या जन्माला काही आधार असावा म्हणून त्यांनी रात्रंदिवस बसून लिहिली, आणि लिहिता लिहिता एका पानावर त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पडलं. तो डाग मी लहानपणापासून पाहत आलो होतो. करंगळीच्या नखाएवढा, खाली शेपटी असलेला. आत्याला वाचता येत नसे, पण ते पान आलं की वाचन थांबवून ती डाग डोळ्यांना लावी. आम्हा मुलांनाही लावायला लावी. मी मॅट्रिकला बसायला निघालो तेव्हाही लावला होता. पुढचं विचारू नका.

चातुर्मासात तिचा नेम असा, की संध्याकाळी पोथी ऐकल्याशिवाय जेवायचं नाही. वाचणारा मी. कचेरीतून यायचं, आंघोळ करायची, सोवळ्याचा कद नेसायचा आणि हेल काढून वाचायचं, इतक्यात स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येई. मग मी एखादं पान हळूच गाळी. आत्या डोळे मिटून बसलेली असे, डोळे न उघडता म्हणे, "राजा वनात गेला. तू त्याला परत आणलंस. मध्ये काय झालं?" सगळी पोथी तिला ऐकून ऐकून पाठ होती. मी एकदा म्हटलं, तुला येतंच आहे तर तूच म्हण ना. तर म्हणाली, "मग तू कशाला आहेस?" मी गाळलेलं पान शोधून पुन्हा वाचू लागलो.

तर आश्विनात एके दिवशी पाऊस उघडला म्हणून आत्याने पोथी उन्हाला घातली. अंगणात घोंगडी, घोंगडीवर पानं ओळीने, प्रत्येक पानावर एक धुतलेला गोटा. आत्या पाणी आणायला मागे गेली. शेजारी एक आगरी म्हातारी राहत असे, तिची बकरी कुंपणातून आत आली. ती आधी ओसरीवर चढली. कोनाड्यातलं मुलीचं पुस्तक तिने पुठ्ठ्यापासून सुरू करून शेवटच्या धड्यापर्यंत खाल्लं, आणि मग, बहुधा तोंडाची चव पालटावी म्हणून, अंगणात उतरून पोथीचं एक पान खाल्लं. बकरी सुधारक मताची असावी. नवं जुनं असा भेद तिने केला नाही.

आत्याने फोडलेली हाक मी कचेरीत ऐकली असं मी सांगतो. कचेरी तशी लांब आहे.

घरी येऊन पाहतो तर अंगणात न्यायसभा भरलेली. आत्याचं म्हणणं असं की पोथी वर्षानुवर्षं उन्हात घालत आले, कधी पाखरू फिरकलं नाही. बकरी आली ती छापील पुस्तकाच्या चरबीला हुंगत आली. बकरी चरबी खात नाही, असं मी म्हणू पाहिलं. म्हातारी कुंपणापलीकडून म्हणाली, "बकरीला काय कलतं गो बाय, पोथी कंची न् पुस्तक कंचा?" आत्या म्हणाली, तेच म्हणते मी, तिला कळत नाही, आम्हाला तरी कळायला हवं होतं. आणि तिथल्या तिथे निकाल दिला: छापलेला कागद या घराच्या ओसरीवरही पुन्हा दिसायचा नाही. पोरीची शाळा पुरे. आणि पान जागेवर येईपर्यंत पोथी बंद, म्हणजे पोथीनंतरचं जेवणही बंद. तोवर ती केळ्यावर आणि दुधावर राहणार.

मुलगी रडली नाही. ती कुंपणाशी गेली आणि बकरीला म्हणाली, "सातवा धडा माझा वाचायचा राहिला होता."

रात्री कुटुंब माझ्याशी फार थोडं बोलली. म्हणाली, "आत्याबाईंचं पान आणाल ते आणा. पण पोरीचं पुस्तकही आणा. आणि ते घरात कसं येतं ते तुम्ही पाहा. मी त्यांच्याशी आजवर पुष्कळ वेळा बोलून पाहिलंय."

कल्याणला त्या वेळी पोथ्यापुस्तकांचं एक जुनं दुकान होतं. दुकानदाराचा आजा पेशवाईत पोथ्या उतरून देई, बापाने दुकान मांडलं, आणि आता हा नातू तिथे बसे. तुटक पोथ्या पुऱ्या करून देण्याबद्दल त्यांचं नाव होतं. नमुन्याचं पान न्यायचं, ते अक्षर जुळवून हरवलेलं पान लिहवून देत. आत्याने तिथेच जायला सांगितलं. गहाळ पानाच्या आधीचं पान नमुन्याला दिलं, आणि ते नेमकं अश्रूचं निघालं. सोवळ्याच्या लोकरी धाबळीत गुंडाळून देताना तिने नियम सांगितले: धाबळी जमिनीवर ठेवायची नाही, काखेतून काढायची नाही, आणि ती जवळ असताना काही खायचं नाही. कुटुंबाने वेगळ्या फडक्यात रव्याचे लाडू बांधून दिले. म्हणजे एका हाताखाली उपास आणि दुसऱ्या हातात लाडू, असा मी आगगाडीत बसलो.

गाडी खाडीवरून गेली, मिठागरं गेली, मुंब्र्याचे बोगदे गेले, पुढे डोंबिवलीकडची पिकत आलेली भातं दिसू लागली. मी काख घट्ट आवळून बसलो होतो. समोरच्या माणसाने मला गळू झालं आहे का विचारलं आणि पोटीस बांधायला सांगितलं.

दुकान बाजारातल्या गल्लीत होतं. बाहेरून दिसायला काही नाही. आत शिरल्यावर समजे की हे एक नाही, दोन दुकानं आहेत. पुढच्या अर्ध्यात नवा माल: शाळेची पुस्तकं, पाट्या, पंचांगं, नाटकं, कादंबऱ्या. मागच्या अर्ध्यात अंधार, कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या वेखंडाचा वास, आणि फळ्यांवर लाल रुमालांची गाठोडी. मधे एक उंबरा. पुढे जोड्यांसकट यायची मुभा. मागे जायचं तर जोडे काढायचे आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या तांब्यातलं पाणी हातावर घ्यायचं. नवं पुस्तक हाताळून तसंच मागे जाता येत नसे. कडक सोवळ्यातल्या गिऱ्हाइकांसाठी मागच्या बोळात निराळं दार होतं. दुकानदार स्वतः बरोबर उंबऱ्यावर बसला होता, एक मांडी नव्यात आणि एक जुन्यात, तपकिरीची डबी मधोमध.

"नवं की जुनं?" त्याने वर न बघता विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही.

तेव्हा त्याने पाहिलं. माझी काख पाहिली. "आधी जुनं, म्हणजे एकदाच हात धुवावे लागतील," असं म्हणून तांब्याकडे बोट केलं.

धाबळी उघडून पान पुढे ठेवलं आणि झालेली हकीगत सांगितली. बकरीचं ऐकून तो खूश झाला. पण त्या दुकानाची एक रीत होती: जुनं पान द्यायचं ते वाचता येणाऱ्यालाच. गिऱ्हाइकाने आधी चार ओळी वाचून दाखवायच्या. मी म्हटलं, मी सरकारी कारकून आहे. तो म्हणाला, म्हणूनच वाचा. मी वाचू लागलो. त्याने डोळे मिटले, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटू लागलं.

"थांबा," तो म्हणाला, "रावसाहेब, तुम्ही भुकेले आहात. माणूस असं जेवण वाट बघत असताना वाचतो. ते फडक्यात काय आहे? पायरीवर जाऊन खाऊन या. पोथी इथे माझ्यापाशी आहे, तुमच्या काखेत नाही."

नियमात हे बसत होतं. मी पायरीवर बसून लाडू खाल्ला, बाकीचे परत बांधले, हात धुऊन आलो. या वेळी त्याने दोन ओळींतच पुरे म्हटलं. मग पान उजेडात धरलं आणि डागावर बोट ठेवून विचारलं, हे काय.

मी आजोबा, बालविधवा मुलगी, रात्रीचा दिवा, सगळं सांगितलं. लहानपणापासून ऐकलेलं असल्यामुळे चांगलं सांगितलं. 

तो उठला. मागच्या फळीवरून एकामागून एक तीन गाठोडी काढली. रुमाल सोडले, पानं चाळली, आणि तिन्हींतलं एकेक पान काढून माझ्या पानाशेजारी मांडलं. चारही पानांवर तेच अक्षर. तीच ओळ तिथेच मोडलेली. आणि चारही पानांवर, त्याच जागी, करंगळीच्या नखाएवढा, खाली शेपटी असलेला अश्रू.

"तुमचे आजोबा फार रडके होते," तो म्हणाला.

मी चारही अश्रू बोटाने एकेक करून मोजले. मग त्याने समजावून सांगितलं. त्याच्या बापाच्या वेळची ही शिळाप्रेसची पोथी. कोणी लेखकू तेलकट शाईने कागदावर लिहितो, तो कागद दगडावर दाबतात, अक्षर दगडावर उतरतं, आणि मग दगडावरून हव्या तितक्या प्रती काढायच्या. वाचणाऱ्याला वाटतं हातचं अक्षर आहे, आणि ते असतंही, फक्त एकाच्या हातचं सगळ्यांना. लिहिताना टाकातून थेंब पडला असेल. दगडाला काय त्याचं. त्याने तोही उचलला.

"म्हणजे छापील," मी म्हटलं.

"छापील."

"आणि तुम्ही ती जुन्यात ठेवलीत?"

"पाठीमागच्या दाराने येणाऱ्यांनी ती जुनी केली. मी काय करू?" मग तपकीर ओढून म्हणाला, की यातली शाई मात्र तुपाची आहे. चरबी नाही. सोवळ्यातली माणसं घेत नाहीत म्हणून त्या छापखान्याने मुद्दाम तूप घालून शाई केली होती. "माझा बाप नवी पोथी गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरायचा. घ्या वास, म्हणायचा, आणि मग बोला."

त्याच्यापाशी एक तुटक प्रत होती, शेवटची पानं नसलेली. तिच्यातलं आम्हाला हवं असलेलं पान त्याने काढून दिलं. मी ते आमच्या पानासह धाबळीत गुंडाळलं. मग मुलीचं पुस्तक घेतलं. ते नव्यातलं असल्यामुळे धाबळीच्या जवळ नेणं शक्यच नव्हतं. लाडवांच्या फडक्यात टाकलं. निघताना मी त्याला विचारलं, की हे घरी सांगू की नको.

"ते तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला. "मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तीन पिढ्या दुकान चाललंय."

परतीच्या गाडीत मी फार खुशीत होतो. आयुष्यात पहिल्यांदा आत्यासमोर माझी बाजू खरी ठरणार होती, पुराव्यासकट. म्हणणार होतो: आत्या, तू इतकी वर्षं देवघरात छापील कागद ठेवलास, डोळ्यांना लावलास, काही विटाळलं नाही, मग पोरीचं पुस्तक काय घोडं मारतं? उत्तर नव्हतं याला. मी भाषण मनात म्हणू लागलो. पहिल्यांदा कडक म्हटलं. मग जरा सौम्य केलं. मग त्यात अश्रूचा भाग आला, आणि तिथे दर वेळी अडखळू लागलो. शाळेचं सांगायचं तर अश्रूचं सांगावं लागणार. आणि आत्याला बापाने दिलेलं असं त्या डागाखेरीज काही उरलेलं नव्हतं. त्याऐवजी तिला काय, तर टाकातला थेंब, आणि तोही सगळ्या कुलाबा-ठाणे प्रांतात वाटलेला. पण न सांगावं तर पोरीने उंबऱ्यावरून उठून चुलीपाशी बसायचं. मी विचार करत इकडून तिकडे सरकत होतो. बाक लाकडी होतं, पण बसायला मऊ लागत होतं. ते मऊ का लागतंय, हा विचार मला ठाण्यापर्यंत सुचला नाही.

घरी पोचलो तर आत्या आंघोळ करून, ओलेत्याने उंबऱ्याच्या आत उभी. फडकं मी ओसरीवर टाकलं आणि धाबळी तिच्यापुढे धरली. तिने दोन्ही पानं काढून शेजारी शेजारी ठेवली. वाचता येत नसलं तरी अक्षराचा तोंडावळा तिला ठाऊक होता. कितीतरी वेळ वाकून पाहत राहिली. आधी अश्रू डोळ्यांना लावला, मग नवीन आलेलं पान लावलं.

"बाबांचंच अक्षर," ती म्हणाली. "त्या दुकानात कसं आलं?"

हाच तो क्षण. स्वयंपाकघराच्या दारात कुटुंब येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती, की बोललो नाही तर रात्री मला बकरीजवळ झोपावं लागेल. मी घसा साफ केला.

"आत्या, त्या दुकानात..."

"काय त्या दुकानात?"

तिच्या डोळ्यांच्या कडेला पानाची धूळ लागली होती. केळ्यादुधावर राहून चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "त्या दुकानात हात धुवायची सोय फार चांगली आहे."

कुटुंबाने कपाळाला हात लावला.

इतक्यात मुलगी ओसरीवरून ओरडली, "मुंग्या!" आम्ही बाहेर पाहिलं. भिंतीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची रांग निघाली होती आणि ती थेट माझ्या फडक्यात शिरत होती. मुलीने फडकं उलगडलं. ठाण्यापर्यंत मी ज्यावर बसलो होतो ते काय होतं हे सगळ्यांनाच दिसलं. लाडवांचा भुगा झाला होता, तूप सुटलं होतं, आणि पुस्तक पुठ्ठ्यापासून आतल्या पानांपर्यंत तुपाने चमकत होतं. वर मुंग्या.

छापील कागद ओसरीवर दिसायचा नाही असा हुकूम असताना तो असा मांडून ठेवला गेला. मी डोळे मिटून घेतले. काही ऐकू आलं नाही म्हणून उघडले, तर आत्या उंबऱ्यापाशी खाली बसली होती. मुंग्यांकडे बघत होती. मग मुलीला म्हणाली, "ते जवळ आण. माझ्या अंगाला लावू नकोस. नाकापाशी धर."

मुलीने धरलं. आत्याने वास घेतला. पुन्हा घेतला.

"हे तुपाचं आहे," ती म्हणाली.

माझ्या हातून आयुष्यात शहाणपणाचं असं जे घडलं आहे, ते बहुतेक मी गप्प बसलो असताना घडलेलं आहे.

"चरबी असती तर या मुंग्या शिवल्या नसत्या. या देवाच्या मुंग्या." आता ती उंबऱ्याच्या बाहेर, तळ्याकडे बघत होती. "बाबा खाडीतून मचव्याने कल्याणला गेले होते. तेव्हा गाडी नव्हती. परत आले आणि मी कोपऱ्यात बसले होते तिथे येऊन माझ्या नाकापाशी पोथी धरली. म्हणाले, घे वास, तूप आहे, तुला चालेल. असाच वास होता."

मी कुटुंबाकडे पाहिलं. कुटुंबाने माझ्याकडे पाहिलं. कल्याणहून लिहायला कागद आणला, असं आत्या म्हणाली नाही. पोथी, म्हणाली. मग आजोबांनी रात्रंदिवस बसून लिहिली ती कधी? अश्रूचं काय? प्रश्न माझ्या जिभेच्या अगदी टोकापर्यंत आला होता. पण आत्या इतक्यात उठली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर तसं काहीच नव्हतं. तिच्या डोक्यात बाबांनी पोथी लिहिलीही होती आणि कल्याणहून आणलीही होती, आणि दोन्ही इतकी वर्षं शेजारी शेजारी भांडण न करता राहिली होती. किंवा तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. मला आजतागायत सांगता येत नाही. कुटुंबाचं मत दर वर्षी बदलतं.

"वाच बघू काहीतरी," आत्या मुलीला म्हणाली.

मुलीने मुंग्या झटकल्या, पुस्तक घेतलं आणि सवयीने उंबऱ्यावर बसली, पाय आत, पुस्तक बाहेर.

"आत ये," आत्या म्हणाली. "तुपाचं आहे ना? मग बाहेर कशाला?"

मुलगी आत आली. पानं एकमेकांना चिकटली होती ती तिने नखाने सोडवली आणि सातवा धडा काढला. एका गाईचा आणि तिच्या वासराचा साधा धडा, एकेक अक्षर जोडत वाचलेला. आत्या डोळे मिटून ऐकत होती. एका ठिकाणी मुलगी अडली, मागे गेली, राहिलेला शब्द उचलला आणि पुढे निघाली.

"ही गाळत नाही," आत्या म्हणाली. आणि डोळे न उघडता विचारलं, "हिला पोथी कधी वाचता येईल?"

मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तोच कुटुंब स्वयंपाकघरातून म्हणाली, "शाळा चालू राहिली तर पुढच्या चातुर्मासात."

"मग राहू दे चालू," आत्या म्हणाली. "याच्या वाचण्याने माझा राजा कधी धड वनात पोचला नाही."

त्या संध्याकाळी मात्र पोथी मीच वाचली, परत आलेल्या पानापासून. एकही पान गाळलं नाही. आत्या जेवली. पुढच्या वर्षी वाचणारा म्हणून माझी नेमणूक संपली आणि पोथीचं आसन मुलीकडे गेलं. मला वाईट वाटायला हवं होतं. मी आत जाऊन गरम गरम भात वाढून घेतला.

पुढे पुढे आमच्याकडे अशी रीतच पडली, की शाळेचं कुठलंही नवं पुस्तक लाडवांबरोबर बांधून आणायचं. आत्या प्रत्येकाचा वास घेई. भूगोलाला तिने जरा कमी तूप आहे म्हटलं होतं. मुलं म्हणत, आमच्या पुस्तकांवरून बोट फिरवून चाटलं तर गोड लागतं. धाकट्या मुलाने एकदा व्याकरणाचं आख्खं पान चाटल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. व्याकरणाशी त्याचा तेवढाच संबंध आला.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. पोथी थोरलीच्या सासरी आहे. तिने पुढे स्वतःच शिळाप्रेसबद्दल कुठेतरी वाचलं आणि मला विचारलं, की बाबा, आपली पोथी... मी म्हटलं, हो. ती हसली. मागच्या चातुर्मासात तिच्याकडे गेलो होतो. ती वाचत होती, तिची मुलं समोर बसली होती. अश्रूचं पान आलं तशी ती थांबली, डाग डोळ्यांना लावला, मुलांना लावायला दिला, आणि शेवटी पान माझ्यापुढे धरलं. मी ते आधी नाकाशी नेलं.

मला नुसता वेखंडाचा वास आला. पण माझ्या नाकावर आमच्या घरात कधी कोणी विसंबलेलं नाही.